एका बोटाची जीवा

नेरूळ, नवी मुंबई
१२ जानेवारी १९८६

आदरणीय मधुकरमामा,

जय भीम.

पाकिटावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं नाही. आईचं नाही, बाबांचंही नाही. मी स्मिता. हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे, आणि ते आधीच सांगून टाकते, कारण मला लपवाछपवी जमत नाही.

तुम्ही इथून गेलात तेव्हा मी बारावीत होते. आता बी.ए. झाले, राज्यशास्त्र घेऊन. आपल्या घरात पहिलीच. बेलापूरला एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले आहे. बाबा अजून महाप्याच्या कारखान्यातच आहेत. तुर्भ्याची खोली सोडून आम्ही इथे सिडकोच्या घरात आलो. भिंतींना अजून चुन्याचा वास येतो आणि खिडकीतून खाडीपर्यंत सगळं मोकळं दिसतं. सारसोळ्याची रखमा मासे घेऊन दारावर येते आणि आईला म्हणते, "काय गो बाय, तुजे घरान आवाजच नाय. कुनी आजारी हाय काय?"

रखमाला काय सांगणार? पूर्वी आमच्या घरात आवाज असायचा. आई भाकरी थापताना गायची, कपडे पिळताना गायची, आणि ती सगळी गाणी तुमची होती. चार वर्षांपूर्वी दादरला ते कॅसेटचं रेकॉर्डिंग झालं. तिथल्या माणसानं "पेटी बाहेर राहू द्या, आमच्याकडे ऑर्गन आहे" असं सांगितलं. तुम्ही जिन्यात पेटी मांडीवर घेऊन बसलात आणि आई आत जाऊन गायली. मी तुमच्या शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही कंधारची गाडी धरलीत. निघताना म्हणालात, "अक्का, आता माझं एकही गाणं तुझ्या तोंडी नको."

मामा, तुम्ही हे रागात म्हणालात की विचार करून, मला ठाऊक नाही. पण आईनं ते कायद्यासारखं पाळलं आहे. चुकूनसुद्धा तुमची ओळ तोंडात घेत नाही. आणि दुसऱ्या कुणाची गाणी ती गातच नाही.

आता मूळ मुद्दा. दर वर्षी चौदा एप्रिलला आमच्याकडे पुरुषांची गायन पार्टी गाते आणि बायका सरबत वाटतात. या वर्षी महिला मंडळानं ठरवलं की आपण गायचं. मंडळाच्या अध्यक्ष पुतळाबाई, महाडकडच्या. त्या आईकडे आल्या.

"केशरबाई, पुढं तुमी गायचं. आमी मागून सूर ओढतो."

आई म्हणाली, "माझ्याकडं गाणी न्हाईत."

"अगो बाई, गाणी काय किराणा हाय, संपायला?"

"भावाची होती. त्यानं नेली."

एवढं बोलून ती चहा टाकायला उठली. पुतळाबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

म्हणून मी विचारते. "वाट दे गावा, वाट दे, पाटी घेऊन निघाली पोर" हे एक गाणं आईनं जयंतीला गावं, अशी तुमची लेखी परवानगी हवी आहे. मी पहिलीत गेले त्या दिवशी तुम्ही हे गाणं बांधलंत, असं बाबा सांगतात. ती पोर मी असेन तर माझाही त्यावर थोडा हक्क आहे, असं मला वाटतं. चुकत असेन तर तसं कळवा.

एक गोष्ट राहिली. पेटी वाजवणारं आमच्याकडे कुणी नाही. साथीला एक यंत्र आहे. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आधी तुमचा राग किती आहे ते बघते.

तुमची भाची,
स्मिता


नेरूळ
२ फेब्रुवारी १९८६

आदरणीय मामा,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते. तुम्ही पत्र फाडलं असतंत तर पोस्टमननं परत आणलं नसतंच, त्यामुळे मला काहीच कळायला मार्ग नाही, आणि मी चांगलं तेच धरून चालते.

यंत्राबद्दल. आमच्या बिल्डिंगमधले विलास तांबे मस्कतहून परत आले ते कॅसिओ घेऊन. पेटीसारख्याच पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, पण भाता नाही, वीज लागते. त्यांच्या घरात कुणी हात लावेना, म्हणून त्यांनी तो मंडळाला देऊन टाकला. मंडळात कुणाला समजेना. सोबत इंग्रजीतली माहितीपुस्तिका होती. पुतळाबाईंनी दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. "तू ग्रॅज्युएट ना गो? मग वाच, काय लिवलान त्यात."

मामा, दादरच्या त्या खोलीत याच जातीचं वाद्य होतं हे मी विसरलेले नाही. सुरुवातीला मला त्याचा रागच होता. पण मी पुस्तिका वाचायला बसले आणि खरं सांगते, थक्क झाले. डाव्या हाताचं एकच बोट एका पट्टीवर ठेवायचं. लगेच त्या स्वराबरोबर जुळणारे आणखी स्वर आपोआप वाजायला लागतात, खाली जाडसर आवाज चालतो, आणि ताल सुरू केला की हे सगळं तालात येतं. एका बोटाच्या मागे चार माणसं बसल्यासारखी! ज्या बाईनं आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नाही, तिलाही गाणाऱ्याला साथ देता यावी असा विचार कुणीतरी दूर जपानात बसून केला. मला तो माणूस फार मोठा वाटतो.

या एकत्र वाजणाऱ्या स्वरांना इंग्रजीत कॉर्ड म्हणतात. मी शब्दकोश काढला. कॉर्ड म्हणजे जीवा. आम्ही भूमितीत शिकलो होतो, वर्तुळावरचे दोन बिंदू जोडते ती जीवा. मला ते पटलंच. स्वर म्हणजे बिंदू, त्यांना जोडणारी ती जीवा. मंडळाच्या बायकांसाठी मी सगळी पुस्तिका मराठीत उतरवली आणि वर लिहिलं, "स्वयंचलित जीवा".

जीवा दोन प्रकारच्या असतात, मेजर आणि मायनर. मायनर म्हणजे अल्पवयीन, हे आम्हाला कायद्याच्या पेपरात होतं. मेजर म्हणजे सज्ञान. आणि गंमत बघा. सज्ञान जीवेला एकच पट्टी पुरते. अल्पवयीन हवी असेल तर उजवीकडची आणखी एक पट्टी सोबत दाबावी लागते.

बाबा ऐकत होते. म्हणाले, "बरोबरच हाय की. अल्पवयीन पोर एकटं कसं जाईल? पालक नको?"

आता आमच्या मंडळात हेच शब्द चालतात. परवा सरावाला एक बाई ओरडली, "स्मिता, पालक सुटला!" आणि मी गडबडीनं दुसरी पट्टी दाबली.

तालाच्या बटणांची नावं परकी आहेत. वॉल्ट्झ म्हणून एक बटण आहे. ते लावलं तशी स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हा दादरा हाय. यांनी कुठून उचलला?" तुमचं गाणं दादऱ्यातच आहे ना? तिच्या ते लगेच लक्षात आलं. माझ्या नाही आलं.

ती यंत्राजवळ येत नाही. पण तिचे कान तिथेच असतात.

तुमची,
स्मिता


नेरूळ
२३ फेब्रुवारी १९८६

आदरणीय मामा,

आज तुम्हाला एक प्रसंग सांगायचा आहे. हे परवानगीसाठी नाही. मी जे पाहिलं ते पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून.

मी "वाट दे गावा" बसवत होते. फक्त जीवा, शब्द नाहीत. मी सगळीकडे अल्पवयीन लावली होती, कारण ती मला जास्त गंभीर आणि उदात्त वाटत होती. गावकुसाबाहेरची पोर शाळेला निघते, म्हणजे दुःखाचं असणारच, असा माझा विचार.

आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "हे रडायलंय."

मी म्हटलं, "दुःखाचं आहे ना गं?"

"कोण म्हनलं? पोर शाळंला निघालीय. मयताला न्हाई."

मी सज्ञान लावली. ती म्हणाली, "ही कुणाची पट्टी हाय? माझी न्हाई."

पुस्तिकेतली सगळी उदाहरणं पांढरी एकपासून आहेत, म्हणून मी तिथूनच वाजवत होते. आई हात पुसत आली. उभ्या उभ्या एकेक पट्टी दाबत गेली आणि एका काळ्या पट्टीवर थांबली. तिच्या एका बोटाखालून अख्खी जीवा निघाली, भरलेली, गोल. आई दचकून मागे सरली. मग परत दाबली.

आणि ती गायली, मामा. शब्द घेतले नाहीत. नुसत्या आकारात, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. चार वर्षं न गायलेला गळा, मधे दोनदा चिरकला. पण तिनं थांबवलं नाही. माझं बोट पट्टीवर होतं आणि मला समोर पाहवत नव्हतं.

नंतर मी विचारलं, "आता गायलीसच ना? मग शब्द का नाही?"

"शब्द त्याचे हायेत."

"आणि चाल?"

"चाल दोघांची हाय. तो पेटीवर बसायचा, मी चुलीपाशी. कुणी कुठली ओळ लावली कुणाला ठावं."

मला वाटायचं तुम्ही गाणी करता आणि आई गाते. तसं नव्हतं, हे मला आज कळलं.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. पण तुम्ही शिलाईचं दुकान टाकलंत असं कळलं. सुई-दोरा सोडून तुम्ही पायाचं मशीन घेतलंत तेव्हा कापडाला काही अपमान वाटला का? उद्धटपणा झाला असेल तर क्षमा करा.

स्मिता


नेरूळ
१५ मार्च १९८६

आदरणीय मामा,

तुमचं कार्ड मिळालं. मिळालं म्हणजे काय, सगळ्या बिल्डिंगला मिळालं. आमच्या जिन्यात पोस्टकार्ड म्हणजे वर्तमानपत्र असतं. मी ऑफिसातून येते तर खालच्या पायरीवर पुतळाबाई, त्यांच्याभोवती चार बायका, आणि पुतळाबाई मोठ्यानं वाचताहेत:

"स्मिताबाई बी.ए. यांस. जीवा वर्तुळात असते, गाण्यात नसते. इथल्या बँडमास्तरास विचारले, तो पोट धरून हसला. अल्पवयीन हा शब्द कोर्टात ठेवावा. त्या गाण्यात रडू नये. अक्काचा सूर काळी पाच. मधुकर."

बायका हसत होत्या. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी सगळ्यांना शिकवलेले शब्दच चूक! पहिली ग्रॅज्युएट म्हणून माझ्यावर विश्वास ठेवून त्या "पालक सुटला" म्हणून ओरडत होत्या. मी तिथल्या तिथे सांगितलं की माझं चुकलं, आजपासून कॉर्ड म्हणायचं.

पुतळाबाई म्हणाल्या, "आता काय बदलायचं नाय. आमाला पाठ झालंय. कार्ड काय, ते पोस्टातलं वाटतं. जीवा बरी."

वर जाऊन बघते तर आई दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. मी लिहीत होते हे तिला आताच कळलं, आणि तेही पुतळाबाईंच्या तोंडून. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

ती म्हणाली, "वाच पुन्हा."

मी वाचलं.

"शेवटचं तेवढं."

"अक्काचा सूर काळी पाच."

"इसरला न्हाई," ती म्हणाली, आणि आत जाऊन लसूण सोलायला बसली. बऱ्याच वेळानं आतूनच बोलली, "त्याला लिही. ते यंत्र थांबत न्हाई म्हणावं."

म्हणून मी तिच्या वतीनं लिहिते. तुम्हाला आठवत असेल, "वाट दे गावा, वाट दे" म्हटल्यावर आई थांबते. दम घेते, जणू गाव वाट देतंय की नाही ते बघते. तुम्ही तेव्हा पेटीवर नुसता सूर धरून ठेवायचात आणि तिचा श्वास भरला की पुढे निघायचात. यंत्राला हे येत नाही. तिथे आई थांबली की ताल आपला पुढे जातो आणि ती दुसऱ्या ओळीला मागे पडते. न थांबता गायलं तर गाण्यातला जीवच जातो. ती दोनदा चिडून उठली. "ह्याला माणसाचं कळत न्हाई."

ताल बंद ठेवून बघितला, तर मागच्या बायकांना टाळ्या धरता येत नाहीत. एक आठवण नावाचं बटणही आहे. ते लावलं की बोट उचललं तरी जीवा चालू राहते. मला वाटलं आईला बरं पडेल. पण तिनं ते लावू दिलं नाही. म्हणाली, "तुझं बोट राहू दे. कुणीतरी धरलंय एवढं मला कळलं पाहिजे."

आमचा एक वाद चालू आहे तोही सांगते. तुम्ही कार्डात परवानगी दिली नाहीत, नाकारलीही नाहीत. माझं म्हणणं, होकार स्पष्ट हवा. उद्या कुणी म्हणायला नको की बहिणीनं भावाचं गाणं न विचारता घेतलं. आई म्हणते, "सूर सांगितला म्हणजे दिलं." मी म्हटलं, "असं कसं? लेखी कुठे आहे?" तर म्हणाली, "भावाकडं असलं लेखी मागायचं नसतं गं. तू ऑफिसातली झालीस."

पण शब्द ती अजूनही घेत नाही. आकारातच गाते. म्हणजे तिच्याही मनात खात्री नाही.

जयंतीला महिना राहिला आहे.

स्मिता


नेरूळ
२ एप्रिल १९८६

आदरणीय मामा,

तुमचं आंतर्देशीय आलं. या वेळी चिकटवलेलं होतं, पुतळाबाई हिरमुसल्या.

तुम्ही ते यंत्र पाहिलेलं नाही, वाजवलेलं नाही. माझ्या अर्धवट वर्णनावरून तुम्ही जे सुचवलंत ते वाचून मी खुर्चीवर बसून राहिले. तुम्ही लिहिलंत: "यंत्र थांबत नसेल तर थांबू नये. अक्काने थांबावे. त्यास एक फेरी पुढे जाऊ द्यावे. दादरा गोल आहे, तो पुन्हा दारात येतोच. तेव्हा धरावा."

आम्ही इतके दिवस यंत्राला आईच्या मागे ओढत होतो. आईला यंत्राच्या मागे धावायला लावत होतो. सोडून द्यायचं आणि परत आल्यावर धरायचं, हे आम्हाला सुचलंच नाही. काल संध्याकाळी करून पाहिलं. आई "वाट दे" म्हणून थांबली. ताल गेला. बायकांनी टाळ्या चालू ठेवल्या. फेरी पुरी होऊन ताल परत दारात आला आणि आईनं अलगद पाऊल ठेवावं तशी दुसरी ओळ उचलली. थांबणं पूर्वीपेक्षा मोठं झालं, पण ते आता चुकल्यासारखं वाटत नाही. गाव खरंच बाजूला होतंय असं वाटतं.

आणि खाली तुम्ही लिहिलंत, "सर्वत्र सज्ञान ठेवावी. फक्त वेशीपाशी पोर वळून घराकडे बघते, तिथे एकदा अल्पवयीन चालेल. पालकासह."

पालकासह! मामा, मी हे वाचून हसले की रडले ते लिहिता येत नाही. मी तिथे अल्पवयीन लावली. फक्त एकदाच. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती म्हणाली, "आता बघ. आता ते रडत न्हाई, तिला घर आठवलंय."

मी कॉलेजात मोठमोठ्या माणसांचे विचार वाचले, माणूस माणसाला कसा जोडला जातो यावर निबंध लिहिले. तुमच्या चार ओळींत मला त्याहून जास्त मिळालं. तुम्हाला हे आवडणार नाही, तरी लिहिते.

परवानगीबद्दल तुम्ही याही वेळी काही लिहिलं नाहीत. मी आता विचारणार नाही. काल आईनं शब्द घेतले. सगळे. मी तिला का म्हणून विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

बाबांचा तुम्हाला निरोप आहे: "म्हणावं, तू तिकडं बसून माझ्या घरात दादरा लावलास. हिकडं कुणाला जेवण वेळेवर मिळंना."

स्मिता


नेरूळ
१७ एप्रिल १९८६

आदरणीय मामा,

जयंती झाली. सगळं नीट लिहायचं म्हणून दोन दिवस थांबले.

मैदानात मांडव होता. पुरुषांच्या पार्टीतल्या एकानं आधीच चिमटा काढला, "मग आज सरबत कोन वाटनार?" बाबा पिंपापाशी जाऊन उभे राहिले. "मी वाटतो. एकेक गिलास. ज्याची बायको स्टेजवर हाय त्याला दोन." त्यांनी स्वतः दोन प्यायले.

मी कॅसिओपाशी बसले. मागे बायका, पुढे आई. पांढरी साडी, हात पाठीमागे घट्ट धरलेले. मी वॉल्ट्झ लावला, बोट काळी पाचवर ठेवलं, आणि तिनं सुरुवात केली.

"वाट दे गावा, वाट दे…"

आणि थांबली. जशी थांबायची. फेरी गेली, ताल परत दारात आला. आईनं धरला नाही. मला वाटलं, दम कमी पडला, पुढच्या फेरीला घेईल. दुसरी गेली. तिसरीही गेली. बायका टाळ्या धरून एकमेकींकडे बघायला लागल्या. पुतळाबाई कुजबुजल्या, "इसरली काय गो?" बोट उचललं तर जीवा बंद पडेल, म्हणून मी ते दाबून धरलं.

मग आई बोलली. गायली नाही, बोलली. माईकमध्ये, त्या चालू तालावरच.

"हे गाणं माझ्या भावाचं हाय. मधुकर. कंधारला ऱ्हातो. चार वर्सांमागं मी त्याला पेटीसकट दाराबाहेर बसवलं आन् आत जाऊन गायले. पेटी बाहेर ठिवा म्हणणारा परका माणूस होता. पर आत गेले ती मी."

मघाशी चिमटा काढणाऱ्यानं हातातला गिलास खाली ठेवला.

"त्यानं काय मला अजून गा म्हणलेलं न्हाई. मी गायलेय. आता त्यानं काय म्हणायचं ते म्हणू दे."

हे सगळं होईपर्यंत यंत्र चालत होतं. मी त्याचं जे कौतुक केलं होतं, ते एका बोटाचं, आपोआप वाजणाऱ्या स्वरांचं होतं. आम्ही नावं ठेवली ती ते थांबत नाही म्हणून. पण मामा, त्या दिवशी मला वाटलं, माणसाची पेटी असती तर तिथं अवघडून थांबली असती. सगळ्या मांडवात शांतता पडली असती आणि त्या शांततेत आईला बोलता आलं नसतं. ते कंटाळलं नाही, घाबरलं नाही, घाई केली नाही. ती बोलत होती तोवर तिच्या पाठीशी फिरत राहिलं. मी नुसतं बोट धरून होते.

पुढची फेरी आली तेव्हा आईनं दुसरी ओळ उचलली. आवाज असा लागला की मांडवाच्या बाहेर उभे असलेले रिक्षावाले आत आले. शेवटच्या कडव्याला मागच्या बायका विसरल्या की आपल्याला गायचं आहे, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ते कडवं आई एकटी गायली.

लोकांनी पुन्हा गायला लावलं. दुसऱ्यांदा तिला मधे काही बोलायचं नव्हतं, तरी त्या जागी सगळा मांडव थांबला.

मी तुम्हाला या सगळ्या पत्रांत परवानगी मागत राहिले. आईनं मागितली ती माफी, हे मला त्या दिवशी ऐकू आलं. यापुढे मी मधे असायची गरज नाही. आई कधीपासून शेजारी बसून माझं लिहिणं बघते आहे आणि आता पेन मागते आहे. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती लिहायला शिकली, पण पत्र कधी लिहिलेलं नाही. खालची जागा तिच्यासाठी सोडते. अक्षराला हसू नका.

तुमची भाची,
स्मिता

मधू
सगळं बरं झालं. पन तिसऱ्या कडव्यात येताना आनील पोर ओटीभर प्रकाश अशी ओळ हाय ती गाताना जमत न्हाई. श वर आवाज धरता येत न्हाई हवा निघून जाती. प्रकाशच्या जागी चांदनं कर. न्हाईतर मी करते मग बस रुसून.
तुजी अक्का